केअरटेकर आणि केअरगिव्हर: काळजी घेणारा कोण, देणारा कोण

बाबांना स्ट्रोक आला त्यानंतर आमच्या घरात दोन इंग्लिश शब्द येऊन राहिले, केअरटेकर आणि केअरगिव्हर. आजाऱ्याचं करायला घरी बायका पाठवणारे ब्युरोवाले फोनवर म्हणायचे, ताई उद्या सकाळी आठला केअरटेकर येईल, बारा तासांची पाहिजे की चोवीस तासांची ते आत्ताच सांगा. हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावर मात्र केअरगिव्हरला सगळं समजावून सांगितलं अशी ओळ होती आणि तिच्याखाली माझी सही. म्हणजे येणाऱ्या मावशी केअरटेकर आणि मी केअरगिव्हर, एकीला पगार आणि दुसरीला नाही, एवढाच फरक असेल असं मी धरून चालले आणि विषय सोडून दिला, कारण त्या दिवसांत शब्दांकडे बघायला कुणाला वेळ होता.

फरक पगाराचा नाही हे दादामुळे कळलं. दादा इंग्लंडला असतो. त्याने ऑफिसात मेल टाकला की मी माझ्या वडिलांचा केअरटेकर आहे, मला आठवडाभर भारतात जायचंय. त्याच्या मॅनेजरबाई चांगल्या आहेत, त्यांनी लगेच फोन करून विचारलं, वडिलांची तिकडे इमारत आहे का, ती सांभाळायला निघालायस का? दादाला आधी कळेचना त्या काय विचारतायत. मग उलगडा झाला की तिथे केअरटेकर म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो शाळेचा किंवा बिल्डिंगचा माणूस, ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, जो सकाळी गेट उघडतो, बॉयलर बघतो, नळ गळत असेल तर वॉशर बदलतो. आजारी माणसाचं करणाऱ्याला तिकडे केअरर म्हणतात आणि अमेरिकेत केअरगिव्हर. दादाने दुसरा मेल लिहिला, एकच शब्द बदलला, रजा मिळाली. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून तसा कायदाच आहे, घरातल्या ज्या माणसाला दीर्घकाळ काळजीची गरज आहे त्याच्यासाठी नोकरदाराला वर्षाला एक आठवड्याची रजा, बिनपगारी का होईना, पण हक्काची, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर दादाने मला जे विचारलं ते मात्र माझ्या डोक्यात बसलं. टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे, ही तर उलटी क्रियापदं, मग घेणारा आणि देणारा दोघंही काळजीच कशी काय करतात?

याचं उत्तर मला वाटतं आपल्याला इंग्लिश लोकांपेक्षा सोपं पडावं. आपण मराठीत काळजी घेतो. कुणी कुणाला काळजी देत नाही, दिली तर तो त्रास झाला, मुलगा रात्री अकरापर्यंत घरी आला नाही तर तो आईला काळजीत टाकतो. घेणं म्हणजे इथे दुसऱ्याकडून काढून घेणं नाही तर स्वतःच्या अंगावर घेणं, जबाबदारी घेतो तसं, वसा घेतो तसं. इंग्लिशमधल्या टेक केअरचा टेक पण तसाच अंगावर घेण्यातला आहे. म्हणून मला वाटतं ब्युरोवाल्यांच्या, शेजाऱ्यांच्या, आपल्या सगळ्यांच्या तोंडात केअरटेकर पटकन बसला, तो काळजी घेणारा या आपल्या शब्दाला चपखल बसतो. केअरगिव्हर आपल्याला परका वाटतो कारण काळजी देणारा असं आपण बोलतच नाही. तेव्हा ब्युरोवाले चुकतात असं मी म्हणणार नाही, ते इंग्लिश शब्द मराठी अर्थाने वापरतात, घोटाळा होतो तो शब्द देशाबाहेर गेला की.

केअर या शब्दाची स्वतःची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ होता दुःख, शोक, चिंता. जर्मन लोक गुड फ्रायडेला कारफ्रायटाग म्हणतात त्यातला कार याच कुळातला, शोकाचा. दुसऱ्याचं बघणं, सांभाळणं हा अर्थ नंतर चिकटला. आणि क्युअर, म्हणजे बरं करणं, हा शब्द कानाला सख्खा भाऊ वाटतो पण तो लॅटिनमधून आलाय, दोघांचं मूळ वेगळं आहे. आता आपली काळजी बघा. काळजी करू नकोस, काळजी घे, हे आपण एका दमात बोलतो आणि त्यात शब्द एकच पण अर्थ दोन आहेत, करायची ती चिंता आणि घ्यायची ती देखभाल, आणि निरोप असा की पहिलं सोड आणि दुसरं कर. बाबा आयसीयूत होते तेव्हा मी फक्त काळजी करू शकत होते, काचेच्या दाराबाहेर बसून. घरी आल्यावर घ्यायला लागले तेव्हा करण्यातली थोडी कमी झाली, हात कामात असले की मन पळत नाही हे मी स्वतः बघितलंय.

आता दोन शब्द वेगळे काढू. केअरटेकर हा जुना, इंग्लिशमध्ये अठराव्या शतकापासून आहे. तो सांभाळतो ती वस्तू, जागा किंवा खुर्ची, आणि ती त्याची नसते. कोकणातलं घर आठवा, मालक मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणार, मधल्या दिवसांत वाडीतलाच कुणीतरी घर उघडतो, झाडलोट करतो, कौलं फुटली तर बदलतो, आंब्याची राखण करतो. त्याने काय करायचं नाही हे पण ठरलेलं असतं. मालकाला न विचारता भिंत पाडायची नाही, झाड तोडायचं नाही. मालक आला की जसं होतं तसं त्याच्या हातात द्यायचं.

याच अर्थाने आपले पेपरवाले केअरटेकरला एक फार सुंदर मराठी शब्द वापरतात, काळजीवाहू. २०२४ च्या विधानसभेचा निकाल लागल्यावर २६ नोव्हेंबरला एकनाथ शिंदेंनी राजीनामा दिला आणि ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला, मधले ते दिवस शिंदे काळजीवाहू मुख्यमंत्री होते. दिल्लीत चरणसिंगांनी २० ऑगस्ट १९७९ ला पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला पण निवडणूक होऊन नवं सरकार येईपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९८० पर्यंत तेच काळजीवाहू म्हणून होते. राज्यघटनेत हा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, ही प्रथा आहे, की रोजचं चालू ठेवा पण मोठे निर्णय घेऊ नका, घराचा नवा मालक ठरायचाय. कोकणातल्या घराचीच रीत, फक्त घर मोठं. काळजीवाहू सरकार म्हणताना कुणाला पेशंट आठवत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण केअरटेकरमध्ये माणूस नाहीच, ठेव आहे.

केअरगिव्हर हा खूपच नवा शब्द, १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत वापरात आला आणि मग पसरला. तो फक्त माणसासाठी. लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल, मानसिक आजार असलेला भाऊ असेल. आणि इथे केअरटेकरचा तो जसं होतं तसं परत द्यायचा नियम चालतच नाही, कारण माणूस जसा होता तसा राहत नाही. तो सुधारतो किंवा खालावतो, रोज थोडा वेगळा असतो, त्याला मन असतं, तो नको म्हणू शकतो. घर तुम्हाला नको म्हणत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगते, मला फरक खरा समजला तो तिथे.

बाबांचा उजवा हात गेला होता. पूर्ण नाही, मनगट थोडं हलायचं, बोटं अर्धवट मिटायची. ब्युरोकडून पहिल्या आलेल्या बाई कामाला चोख होत्या, चादर एक सुरकुती नाही, औषधं वेळेवर, डायपर वेळेवर, दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायचीच, रात्री दोनला आणि चारला सुद्धा, माकडहाडावर आणि टाचांवर लाली आली का ते टॉर्च लावून बघायच्या, त्यांच्यामुळे बाबांना एकही बेडसोअर झाला नाही हे मी विसरणार नाही. पण जेवताना त्या चमचा स्वतःच्या हातात घ्यायच्या. मीही तेच करायचे. पाच मिनिटांत वाटी रिकामी, शर्टवर आमटीचा थेंब नाही, आणि बाबा तोंड उघडायचे आणि मिटायचे आणि भिंतीकडे बघायचे.

त्या बाई गावी गेल्या आणि दुसऱ्या मावशी आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घरातला एक साधा चमचा घेतला, त्याच्या दांड्याला जुन्या सुती पातळाची पट्टी गुंडाळून तो चांगला अंगठ्याएवढा जाड केला आणि बाबांच्या उजव्या हातात दिला, वरून स्वतःचा हात ठेवला पण दाबला नाही. आजोबा, तुम्ही घ्या, मी आहे. दहीभात होता. पहिला घास हनुवटीवर गेला, दुसरा टॉवेलवर, तिसरा अर्धा तोंडात. पाऊण तास लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चार वेळा पुढे झाले आणि मावशींनी चारही वेळा मानेने नाही म्हटलं. शेवटी बाबांनी वाटीत उरलेला भात चमच्याने गोळा केला, स्वतःचा स्वतः, आणि ते माझ्याकडे बघून हसले, स्ट्रोकनंतर पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात फिजिओ मॅडम आल्या तेव्हा त्यांनी यामागचं शास्त्र सांगितलं. अशक्त हात वापरून जमत नाही म्हणून माणूस तो वापरणं सोडतो, न वापरून मेंदू त्याला आणखी विसरतो, म्हणजे जेवढं आजाराने गेलं त्याच्याहून जास्त न वापरल्याने जातं. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावरून एक उपचारपद्धत काढली, चांगल्या हाताला जाड मोजा घालून बांधून ठेवायचा, दिवसातल्या जागेपणीच्या जवळजवळ सगळ्या वेळात, दोन आठवडे, आणि सगळी कामं अशक्त हाताने करून घ्यायची. २००६ साली २२२ पेशंटवर केलेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला आणि त्यात या पद्धतीने हाताचा वापर खरंच सुधारलेला दिसला. ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी हलतात त्यांच्यासाठीच हे आहे, आणि फिजिओला विचारल्याशिवाय घरी कुणी हात बांधायला जाऊ नका. बाबांचा हात आम्ही बांधला नाही, चमचा मात्र त्यांच्या हातातून परत कधी घेतला नाही.

इंग्लिशमधले समुपदेशक लोक या दोन शब्दांमध्ये जो तिसरा, सूक्ष्म फरक करतात तो नेमका हाच आहे. त्यांच्या भाषेत केअरटेकिंग म्हणजे समोरच्याला जे स्वतः करता येतं ते पण आपण करून टाकणं, कारण आपल्याला घाई असते, आपल्याला त्याचं धडपडणं बघवत नाही, कुणाला तरी आपली गरज आहे हे वाटण्याची आपल्याला सवय लागलेली असते. आणि केअरगिव्हिंग म्हणजे त्याला लागेल तेवढंच देणं. शब्दकोशात हा फरक असा लिहिलेला नसतो, तो त्या क्षेत्रातल्या लोकांनी पाडलेला आहे, पण मला तो सगळ्यात जास्त पटतो. काम काढून घेणं असं आपण मराठीत म्हणतोच की, सासूबाईंच्या हातून पोळ्या काढून घेतल्या, आजोबांच्या हातून बँकेचं काढून घेतलं, आणि आपण ते प्रेमाने केलेलं असतं.

आजारी माणसाचं करणाऱ्यासाठी केअरर, केअरगिव्हर असा नवा शब्द का लागला हे पण सांगते, कारण त्यामागे बायकांचं फार मोठं काम आहे. ब्रिटनमध्ये मेरी वेब्स्टर म्हणून एक धर्मोपदेशिका होत्या, लग्न न केलेल्या, आईवडिलांचं करायला त्यांनी काम सोडलं होतं. १९६३ मध्ये त्यांनी पेपरात पत्र लिहिलं की माझ्यासारख्या घराघरात किती आहेत ते कुणाला माहीत तरी आहे का. पत्रांचा पाऊस पडला आणि १९६५ ला त्यातून संघटना उभी राहिली. तिचं नाव होतं अविवाहित स्त्री आणि तिच्यावर अवलंबून असलेले यांच्यासाठीची राष्ट्रीय परिषद. इतकं लांब नाव, कारण या बाई जे करत होत्या त्याला तेव्हा एका शब्दाचं नावच नव्हतं. १९७६ ला सरकारने घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला पण लग्न झालेल्या बाईला तो मिळायचा नाही, ती काय घरीच असणार असा हिशोब. जॅकी ड्रेक नावाच्या विवाहित बाईने आईचं करण्यासाठी नोकरी सोडली होती, ती भांडत युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ ला जिंकली. २००३ ला त्या भत्त्याचं नाव बदलून केअरर्स अलाउन्स झालं, आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेत असाल तर त्यासाठी अर्ज करता येतो. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने आईवडील, नवराबायको, मुलं यांच्या गंभीर आजारपणासाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, कंपनी किमान ५० माणसांची पाहिजे आणि तुमची तिथे वर्षभर नोकरी झालेली पाहिजे. सासूसासरे मात्र त्यात धरत नाहीत, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे कायद्याने हा शब्द वापरलाय हे मलाही उशिरा कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केअरगिव्हरची व्याख्या आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे. दोन्हीकडे एक गोष्ट स्पष्ट लिहिलीय, मोबदला घेऊन करणारा असो नाहीतर मोबदल्याशिवाय करणारा, घरचा असो नाहीतर बाहेरचा, तो केअरगिव्हरच. म्हणजे डिस्चार्जच्या कागदावर सही करताना मी जो हिशोब मांडला होता तो मुळातच चुकीचा होता. पगार घेणाऱ्या मावशीही केअरगिव्हर आणि मीही. २०१६ च्या कायद्यात तर ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांग व्यक्तींसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेखही आहे. आपल्या घरांमध्ये सून करतेय ना, मुलगी आहे ना बघायला, एवढ्यावर जे संपतं त्याला निदान कायद्याच्या कागदावर नाव मिळालंय.

कडक रेघ मात्र कुणी ओढू नका. अमेरिकेत कितीतरी लोक आजही आजीची केअरटेकर म्हणतात आणि कुणी त्यांना टोकत नाही. १९८१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या कोर्टाने घटस्फोटात मूल कुणाकडे राहावं हे ठरवताना मुख्य केअरटेकर कोण असा निकष लावला, म्हणजे मुलाला रोज अंघोळ कोण घालतं, जेवू कोण घालतं, रात्री रडलं तर कोण उठतं, आणि ते तर माणसाचंच करणं झालं. तेव्हा इंग्लिशमध्ये फॉर्म भरताना, रजेचा अर्ज करताना, व्हिसाच्या मुलाखतीत, माणसाचं करत असाल तर केअरगिव्हर लिहा, ब्रिटनसाठी केअरर, आणि घर, जागा, सोसायटी सांभाळत असाल तर केअरटेकर, एवढं पाळलं तरी गैरसमज होणार नाही. ब्युरोच्या फोनवर काय वाटेल ते म्हणा, त्यांना कळतं.

मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. सरकारी भाषांतरात काळजीवाहक दिसतो, पण तो काळजीवाहूच्या इतका शेजारी आहे की परत तोच घोटाळा. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मानसिक आरोग्याचं काम करणारे बरेच लोक शुभंकर म्हणतात, आणि आजारी माणसाला पेशंट न म्हणता शुभार्थी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थोडं जड वाटलं होतं, आता नाही वाटत, ज्याच्या कपाळावर रुग्ण असा शिक्का बसलाय त्याला दुसरं नाव मिळणं ही लहान गोष्ट नाही. आणि आपला जुना शब्द तर आहेच, शुश्रूषा. दादरला त्या नावाचं हॉस्पिटल आहे म्हणून तो आपल्याला माहीत असतो, पण त्याचा मूळ अर्थ संस्कृतमध्ये आहे ऐकण्याची इच्छा. श्रवणातला जो श्रु तोच यात आहे. ऐकायची इच्छा, त्यावरून सेवा, त्यावरून आजाऱ्याची देखभाल. देणं नाही, घेणं नाही, आधी ऐकणं.

दादा आला तेव्हा विमानतळावरून थेट बाबांच्या खोलीत गेला आणि त्यांना कुशीवर वळवायला म्हणून त्याने एकदम त्यांच्या पाठीखाली हात घातला. बाबा दचकले. मावशींनी त्याचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, दादा, आधी आजोबांना सांगायचं कुठल्या कुशीवर वळवतोय ते, ते हो म्हणेपर्यंत थांबायचं, मग हात लावायचा. बाबांना हो म्हणायला वेळ लागतो, जीभ अजून जड आहे. दादा पलंगाजवळ वाकून थांबला.